आजोबांच्या खांद्यावरचा लॉर्ड

हर्सूलला सरांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला गेले, त्याच संध्याकाळी त्यांनी मला आडनाव विचारलं आणि मी 'देशमुख' म्हटल्याबरोबर मला अर्ल करून टाकलं. म्हणजे नक्की काय केलं, ते मला कळेना. टोमणा मारला की मान दिला, तेही कळेना. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, चहाचा कप पुढं सरकवत सांगितलं, "मनावर घेऊ नको बाई. गॅसवाला बी बॅरन हाय इथं."

सर इंग्रजीचे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलेलं होतं आणि उरलेल्यांना ते आता शिकवत होते. विषय मात्र एकच, इंग्लंडातले उमराव. ही विद्या ते हाताच्या बोटांवर शिकवत. करंगळी म्हणजे बॅरन, तिच्या शेजारचं बोट व्हायकाउंट, मधलं अर्ल, त्यापुढचं मार्क्विस आणि अंगठा ड्यूक. मनगटाशी बॅरोनेट. तो नुसताच 'सर' म्हणवून घेणार, पण वरच्या सभागृहात त्याला बसायला जागा नाही. माणूस मनगटावरून करंगळीवर कसा चढतो आणि करंगळीवरून मधल्या बोटाला पोचेस्तोवर किती पिढ्या झिजतात, हे ते बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत कुठंही सांगत. पंगतीत ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची, कारण तेव्हा सगळी उमरावशाही वरणभातानं माखलेली असे.

गल्लीत पदव्या वाटायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. नळ दुरुस्त करणारा एकदा व्हायकाउंट झाला होता, पण टाकी वाहती ठेवून गेला म्हणून पुन्हा मनगटावर आला. त्याला त्याचं काही सुखदुःख नव्हतं. तलावाकडं सकाळी फिरायला जाणारे पेन्शनर ज्या कट्ट्यावर बसत तो कट्टा म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्स. काकूंना मात्र त्यांनी कधी काही केलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर काकू म्हणाल्या, "इचारलं व्हतं मला. म्या म्हणलं, आधी दळण आणा."

हे सगळं वेड एका माणसापायी होतं. बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि समोरच्या भिंतीवर, एकाला एक चिकटवलेल्या ड्रॉइंगच्या कागदांवर, एका इंग्रज घराण्याचा वंशवृक्ष. घरात त्या वंशवृक्षावरच्या शेवटच्या माणसाला 'आपला लॉर्ड' म्हणत. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याच्या घरची माणसं अजून आहेत आणि त्यांतली एक मला आवडते.

वंशवृक्षाच्या तळाशी सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'कातडं कमावणारा'. नवीन माणूस घरात आला की सर त्याला पहिल्यांदा तिथं वाकायला लावत. एका आडगावात ओढ्याकाठी हा माणूस गुरांची कातडी कमवायचा. त्याच्या मुलानं त्याच कातड्याचे बूट करून लष्कराला विकले. त्याच्या मुलानं जमीन घेतली, मोठं घर बांधलं, पार्लमेंटात गेला, बॅरोनेट झाला. पुढच्यानं एका पक्षाच्या पुढाऱ्यांना जेवणं घातली आणि बॅरन झाला. त्याचा मुलगा अर्ल. इथं आल्यावर सर थांबत आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत. "आमच्या लोकांनी मेलेली गुरं ओढली," ते म्हणत, "आन् ह्याच्या बापजाद्यांनी त्याच गुरांचं कातडं कमावलं. आम्हाला शिवेबाहेर ठेवलं. ह्याला राजाशेजारी खुर्ची दिली." आलेला माणूस बिचारा बहुधा मीटर वाचायला आलेला असे.

सरांची आणखी एक खोड होती. कुठंही बसण्याआधी ते खुर्ची हलवून पाहत. चारही पाय टेकलेत ना, याची खात्री झाल्याशिवाय बसत नसत. पाय डुगडुगत असला तर खिशातून कागदाची घडी काढून त्याखाली सारत. माझ्या खोलीतली खुर्ची जराशी लंगडी होती, तर ते सुताराला घेऊनच वर आले. मी मनात हसले. म्हातारपणी माणसाला असं काहीतरी लागतंच, असं मला वाटलं. ते असं का करतात ते मला काकूंनी एका दुपारी मेथी निवडताना सांगितलं, आणि त्यानंतर मी कधी हसले नाही.

सरांचं मूळ गाव फर्दापूर. निजामाच्या अमदानीत मोठे साहेब लोक अजिंठ्याची लेणी पाहायला येत आणि फर्दापूरच्या बंगल्यात उतरत. साहेबाला लेण्यांपर्यंत चढवायला खुर्ची लागे. खुर्चीला दोन बांबू आणि बांबूंना चार माणसं. ही माणसं गावकीच्या वेठीतून धरून आणत. सरांच्या आजोबांना असंच एका सकाळी घरातून उठवून नेलं. खुर्चीत हाच आपला लॉर्ड होता. अर्ध्या चढावर खुर्ची हलायला लागली. चौघांनी पाय रोवले, खांदे बदलले, तरी हलायची थांबेना. खाली आल्यावर साहेबानं तक्रार केली की हमाल नीट नव्हते. पुढच्या बाजूला आजोबा होते. बंगल्याच्या कारभाऱ्यानं त्यांना सगळ्यांच्या देखत छडीनं मारलं.

मार चार दिवसांत विसरला गेला असता, पण गावानं घराला नाव पाडलं, 'खुर्चीहालवे'. पुढं घरानं धम्मदीक्षा घेतली, पोरं शिकली, कुणी मास्तर झालं, कुणी तहसीलमध्ये लागलं. नाव काही सुटलं नाही. फर्दापुरात आजही कुणाच्या सोयरिकीची बोलणी निघाली की एखादा हसून म्हणतोच, खुर्चीहालव्यांच्यातली का. आजोबांनी तर स्वतःच ते पत्करलं होतं. मरेपर्यंत ते म्हणत राहिले की आपलाच पाय चुकला असंल. सरांनी शाळेत कधी छडी हातात धरली नाही, हे मला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून माहीत होतं. त्यामागचं कारण काकूंकडून कळलं.

म्हणून सर त्या लॉर्डच्या मागं लागले होते. त्याच्या घराण्यातला कातडं कमावणारा त्यांना सापडला, तेव्हा म्हणे ते वाचनालयातून घरापर्यंत पायी आले आणि वाटेत पेढे घेतले. आजोबांचा पाय चुकला असेल तर चुकला असेल. पण ज्याच्यासाठी मार खाल्ला तो आपल्याहून फार कुणी वरचा नव्हता, एवढं त्यांना पुरत होतं. निदान ते तसं म्हणत.

मी स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात काम करते. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या, हॉटेलं, गाइड हे सगळं माझ्याकडं. गेल्या थंडीत एका इंग्रज बाईंचं बुकिंग आलं. त्यांना अजिंठा बघायचा होता, कारण त्यांचे आजोबा निजामाचे पाहुणे म्हणून इथं येऊन गेले होते. आजोबांची पदवी त्यांनी लिहिली होती. ती मी रोज जिन्यावरून उतरताना भिंतीवर बघत होते.

सरांना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुढचे काही दिवस वाटत राहिलं. त्यांनी सफारी इस्त्रीला टाकला. आरशासमोर इंग्रजीत बोलायचा सराव सुरू केला. बाईंना ते सांगणार होते की तुमचा पूर्वज कातडं कमावत होता आणि माझा आजोबा खुर्ची वाहत होता, तर मग यात छडी कुणी कुणाला मारायची. काकू म्हणाल्या, पाव्हणी हाय ती, इतक्या लांबून आलेलं माणूस. सर म्हणाले, मी शिवी देत नाय, इतिहास सांगतोय. मला पाहुणीची काळजी होती, सरांची होती, आणि खरं सांगायचं तर बाईंनी मोबाइलवर आमच्या ऑफिसला एकच तारा दिला तर मालक काय म्हणतील याचीही होती.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर वंशवृक्षासमोर बसले होते. सर मला इंग्रजीतली वाक्यं म्हणून दाखवत होते. माझी नजर एका ठिकाणी अडकली. कातडंवाल्याच्या घरातल्या एका अर्लला नुसत्या मुलीच होत्या. त्याच्या वर तुटक रेघ काढून पुढचा, म्हणजे आपला लॉर्ड, जोडला होता, आणि रेघेवर बारीक अक्षरात 'दत्तक' लिहिलं होतं. मी विचारलं, हे कुठं मिळालं. सर म्हणाले, वाचनालयातल्या ग्रंथाची तेवढी पानं वाळवीनं खाल्ली होती, पण मुलगा नव्हता म्हणजे दत्तक घेतला असणारच, त्याशिवाय घर पुढं कसं चालेल.

इथं मला माझ्या घरचं सांगितलं पाहिजे. आमचं गाव बिडकीनच्या पलीकडं. बरीचशी जमीन आता कारखान्यांसाठी गेली, पण बाबांची देशमुखी काही गेलेली नाही. ती अंगणात खुर्ची टाकून रोज संध्याकाळी बसते. आणि सगळ्या गावाला माहीत आहे की आम्ही मूळचे देशमुख नव्हेच. मूळच्या देशमुखांना मुलगा झाला नाही. विधवेला दत्तक घेऊ दिला नाही, आणि निजामाच्या अंमलदारांनी ते वतन आमच्या खापरपणजोबांना दिलं, कारण ते त्यांच्या मर्जीतले होते. घराणं वेगळं, रक्त वेगळं, नाव तेच. बाबांसमोर हे कुणी बोलत नाही, इतकंच.

तर मी म्हटलं, "सर, दत्तक घेतला कशावरून? आमच्याकडं नव्हता घेतला. नाव तेच राहिलं, घर दुसरं आलं."

मी मोबाइलवर शोधलं. इंग्लंडात दत्तक मुलाला उमरावकी मिळतच नाही, हे आम्हा दोघांना त्या दिवशी कळलं. मुलगा नसला की पदवी राजाकडं परत जाते. कातडंवाल्यांची पदवी तशीच संपली होती. मध्ये बरीच वर्षं गेली आणि मग त्याच गावाच्या नावानं ती दुसऱ्याच एका माणसाला दिली गेली. हा दुसरा जुन्या जमीनदारांच्या घरातला होता. घरात न्यायाधीश, सेनापती, धर्मगुरू. कितीही खाली गेलं तरी कातडं कमावणारं कुणी सापडेना. सरांच्या आजोबांच्या खांद्यावर बसलेला तो हा.

सरांनी चष्मा काढून ठेवला. म्हणजे मोठाच होता तो, एवढं म्हणून ते आत गेले. माझ्या देशमुखीचं खरं कळल्यावर एरवी त्यांनी मला तिथल्या तिथं मनगटावर उतरवलं असतं, पण तेही त्यांना सुचलं नाही. पुढचे दोनतीन दिवस त्यांनी गल्लीत कुणाला काही केलं नाही. गॅसवाला मला जिन्यात थांबवून विचारून गेला, गुरुजींची तबियत बरी है ना. मला फार वाईट वाटत होतं. एखाद्याच्या घराचा खांब आपण बोट लावून पाडावा, तसं.

सरांनी अजिंठ्याला यायचं रद्द केलं. त्या बाईला आता काय सांगू, म्हणाले. काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "सांगायचं काय नसंल तर इचारा," त्या म्हणाल्या. "पर जावा."

बाई वयानं सत्तरीच्या पुढच्या, उंच, डोक्याला कापडी टोपी, गुडघे दुखणारे. रोपवाटिकेत आयुष्य काढलेलं, हातांच्या बोटांना अजून माती असल्यासारखी वाटायची. पदवी कुठल्याशा चुलतभावाकडं होती आणि तो तिचं काय करतो हे त्यांना माहीत नव्हतं. सिल्लोडला टपरीवर त्यांनी दोनदा चहा घेतला. सर गाडीत पुढच्या सीटवर ताठ बसून होते. मी त्यांची ओळख, आमचे घरमालक, इंग्रजीचे शिक्षक, अशी करून दिली होती. फाट्यावर गाडी सोडून आम्ही बसनं लेण्यांखाली पोचलो, तोवर त्यांच्यात हवापाण्यापलीकडं काही बोलणं झालं नव्हतं.

पायऱ्यांच्या खाली डोलीवाले उभे असतात. आजही असतात. खुर्चीला दोन बांबू आणि चार माणसं. आता ते आपल्या खुशीनं येतात आणि आपला भाव सांगतात, एवढा फरक. बाईंचे गुडघे बघून दोघं पुढं झाले. बाईंनी ती खुर्ची पाहिली आणि त्या हसायला लागल्या, इतक्या की त्यांना कठड्याला धरून उभं राहावं लागलं. आपण चढू शकलो नाही तरी चालेल, पण खुर्ची नको, म्हणाल्या. त्यांच्या घरात ही खुर्ची म्हणजे मोठा विनोद होता.

सरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता संपलं. ते पुढं झाले आणि त्यांनी फक्त विचारलं, की विनोद कसला.

बाईंनी सांगितलं, तुम्हाला माझे आजोबा माहीत नाहीत. त्यांना उंचीची भीती होती. घरात शिडीवर चढून दिवा लावायचीसुद्धा हिंमत नव्हती, पण लॉर्ड असल्यामुळं कुणाला सांगता येत नव्हतं. इथं त्यांना खुर्चीत बसवून वर न्यायला लागले आणि बाजूला खोल दरी दिसली, तसे ते थरथर कापायला लागले. इतके कापले की सगळी खुर्ची हलायला लागली. त्यांनी डोळे मिटून घेतले, खुर्चीचे हात घट्ट धरले, तरी कापायचं थांबेना. खाली आल्यावर लाजेपायी त्यांनी हमालांवर ढकललं. पुष्कळ वर्षांनी आजीपाशी कबूल केलं, आणि आजी काही पोटात ठेवणारी नव्हती. दर नाताळात जेवणानंतर कुणीतरी आजोबा होऊन खुर्चीत कापायचं आणि चौघांनी ती खुर्ची सावरायची, असा आमच्याकडं खेळ असतो.

सर खाली पायरीवर बसले. त्यांनी पायरी हलवून पाहिली नाही. मग त्यांनी इंग्रजीतच, अगदी शाळेत धडा समजावून द्यावा तसं सावकाश सांगितलं, की त्या चौघांतले पुढचे माझे आजोबा होते. खुर्ची हलवली म्हणून त्यांना बंगल्यावर छडीनं मारलं. आम्हाला गावात अजून त्याच नावानं ओळखतात.

बाईंचं हसू गेलं. त्यांनी टोपी काढली आणि सरांशेजारी पायरीवर बसल्या. हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही, म्हणाल्या. त्यांनी सरांचा हात हातात घेतला, माफी मागितली, आणि यंदाच्या नाताळात गोष्ट शेवटपर्यंत सांगेन, असं कबूल केलं. मला वाटतं त्यांनी ते केलं असेल. मी मात्र बाजूला उभी राहून रडत होते. मला इतकं मोकळं वाटत होतं की आमचा गाइड शोधत आला तेव्हा त्याला काय सांगावं ते सुचेना. सर आपलं पाठ केलेलं इंग्रजी घेऊन आले असते, तर या बाईंनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं असतं आणि गाडीत बसून निघून गेल्या असत्या.

बाई गाइडच्या हाताला धरून एकेक पायरी चढत लेण्यांकडं गेल्या. सर वर गेले नाहीत. मला म्हणाले, चल, फर्दापूरला. इतक्या वर्षांत त्यांना मी असं घाईत पाहिलं नव्हतं. बसमध्ये बसायला जागा होती, तरी ते उभेच राहिले.

फर्दापुरात त्यांची आत्या राहते, आजोबांची धाकटी मुलगी. नव्वदीला टेकलेली, ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आत्या, खुर्ची आजोबांनी हलवली नव्हती. साहेबच भ्यालेला व्हता. तोच कापत व्हता. त्याची नात सांगून गेली आत्ता."

आत्यानं ते त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "मंग माज्या बापाचा पाय?"

"पाय नीट पडत व्हता, आत्या."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. मेला घाबरट, असं कायतरी पुटपुटत तिनं डोळे पुसले आणि शेजारणीला हाक मारली. शेजारीण आली, तिला सांगितलं. तिच्या सुनेला बोलावलं, तिलाही सांगितलं. रस्त्यानं चाललेल्या एका गुरुजींना थांबवून त्यांनाही सांगितलं. प्रत्येक वेळी साहेब आधीपेक्षा जास्त कापत होता. आमचा चहा होईपर्यंत ओसरीसमोर दहापंधरा माणसं जमली आणि आत्याचा आवाज चढला.

"साहेब कापाय लागला," ती सांगत होती, "लेकरावानी कापाय लागला. तवा माजा बाप मागं वळला आन् म्हणला, भिऊ नको साहेब, म्या धरलंय."

असं काही झाल्याचं आजोबांनी कधी सांगितलं नव्हतं आणि बाईंनीही नाही. मी सरांकडं पाहिलं. ते चहाची बशी हातात धरून आत्याकडं बघत होते.

शेजारीण त्यांच्याकडं वळली. "खरं का हो सर, असं म्हणला तुमचा आजा?"

"व्हय," सर म्हणाले. "असंच म्हणला."